अन्न, औषध आणि सुरक्षा : शेतमाल-नियमनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

(१)

कायद्याच्या भाषेचे परीक्षण हा समीक्षेचा विषय नव्हे, असा समज आपल्या भाषाविभागांतून अद्यापही रूढ आहे. समीक्षेने काव्य-कादंबरीकडे पाहावे, भाषाशास्त्राने बोलींची ध्वनिव्यवस्था तपासावी आणि कायद्याचा मजकूर वकिलांकडे सोपवावा, अशी ही वाटणी आहे. वस्तुतः ज्या गद्याचा सामान्य माणसाच्या जीवनाशी सर्वांत निकटचा संबंध येतो ते गद्य कायद्याचे व शासकीय पत्रकांचे होय. कादंबरीतील शब्द चुकला तर रसभंग होतो. कायद्यातील शब्द चुकला तर आपल्याला कोणते संरक्षण आहे आणि कोणते नाही, हेच माणसाला कळेनासे होते. शेतात पिकणाऱ्या अन्नाच्या शुद्धतेविषयी शासनाने जी परिभाषा मराठीत आणली आहे तिची चिकित्सा करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. प्रश्न इतकाच की, ही परिभाषा ज्यांच्यासाठी आहे त्या शेतकऱ्याला आणि ग्राहकाला ती काय सांगते, आणि काय सांगावयाचे टाळते.

आरंभी थोडी पार्श्वभूमी देणे अवश्य आहे. शेतमालाचे नियमन आपल्याकडे एका मुळातून वाढलेले नाही. त्याचे चार निरनिराळे प्रवाह आहेत. पहिला बाजाराचा. वऱ्हाडात कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला. पुढे मुंबई प्रांतात १९३९ चा आणि महाराष्ट्रात १९६३ चा कायदा आला. यांची चिंता वजनमाप, अडत आणि भाव यांची होती. दुसरा प्रवाह प्रतवारीचा. १९३७ च्या केंद्रीय कायद्याने शेतमालाच्या प्रती ठरवून त्यांवर 'अॅगमार्क' हे चिन्ह उमटविण्याची सोय केली. तिसरा शुद्धतेचा. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये संमत होऊन १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या कायद्याने घेतली, आणि त्याचा प्रत्यक्ष अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. चौथा प्रवाह विषाचा, म्हणजे कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम.

हे चार प्रवाह निरनिराळ्या खात्यांच्या हाती आहेत, आणि प्रत्येक खात्याने आपापली मराठी घडविली आहे. वांग्याचे एकच फळ या चारही प्रवाहांतून वाहत ताटापर्यंत येते. त्या प्रवासात त्याचे नाव किती वेळा बदलते आणि प्रत्येक नावाबरोबर त्याची जबाबदारी कोणाकडे जाते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

(२)

प्रथम 'अन्न सुरक्षा' हाच शब्द घेऊ. २००६ चा कायदा अन्न अपायकारक नसावे यासाठी आहे. २०१३ मध्ये संसदेने दुसरा एक कायदा केला. त्याचा हेतू गरजू कुटुंबांना स्वस्त धान्य हक्काने मिळावे हा आहे. मराठीत त्याचे नाव 'राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम'. इंग्रजीत या दोन कल्पनांना दोन भिन्न शब्द आहेत. फ्रेंच भाषेत सुरक्षिततेचा शब्द एकच असला तरी अपायरहित अन्नाविषयी बोलताना त्याला आरोग्यवाचक विशेषणाची जोड देऊन घोटाळा टाळलेला आहे. हिंदीने दोन्हींसाठी 'खाद्य सुरक्षा' हा एकच शब्द पत्करला, आणि मराठीनेही तोच मार्ग धरला.

समासाचा विग्रह करून पाहिले म्हणजे अडचण स्पष्ट होते. २०१३ च्या कायद्यातील 'अन्नसुरक्षा' म्हणजे अन्न मिळत राहील याची शाश्वती. येथे षष्ठीचा संबंध कसाबसा जुळविता येतो. २००६ च्या कायद्यातील 'अन्न सुरक्षा' म्हणजे मात्र अन्नापासून होऊ शकणाऱ्या अपायापासून खाणाऱ्याचे रक्षण. हा पंचमीचा संबंध आहे. एका ठिकाणी अन्न हे मिळवावयाचे आहे, दुसऱ्या ठिकाणी ते भीतीचे कारण आहे. एकच सामासिक शब्द परस्परांच्या उलट दिशेने पाहणारे दोन अर्थ वाहतो.

पदव्युत्तर वर्गात प्रस्तुत लेखकाने एकदा सहज विचारले की, अन्न सुरक्षा अधिकारी कोणते काम करीत असेल? एका विद्यार्थ्याने तत्काळ उत्तर दिले, "रेशन दुकानांची तपासणी." एका उत्तरावरून काही सिद्ध होत नाही हे खरे, परंतु ज्याने मराठीचे व्याकरण अभ्यासिले आहे तो जर असा चकतो, तर दुधात पाणी व पावडर मिसळल्याची तक्रार घेऊन निघालेल्या गृहिणीने कोणाचे दार ठोठावावे? जुन्या कायद्यातील 'अन्न निरीक्षक' हे पदनाम ओबडधोबड होते, पण तो काय करतो ते त्या शब्दातच होते. 'अन्न सुरक्षा अधिकारी' या भारदस्त पदनामात काम दिसेनासे झाले आहे.

'मानके' या शब्दाचीही हीच कथा. शासकीय मराठीत त्याऐवजी कित्येकदा 'मानदे' असे छापलेले आढळते. 'मानद पदवी', 'मानद सचिव' या प्रयोगांमुळे 'मानद' शब्दाचा सन्मानवाचक अर्थ मराठीत इतका घट्ट बसलेला आहे की, 'अन्न सुरक्षा व मानदे' हे शब्द प्रथम वाचणाऱ्यास त्यातून काहीच बोध होत नाही.

(३)

आता 'भेसळ' या शब्दाकडे वळू. हा बाजारातला, घरातला, सर्वांच्या तोंडचा शब्द आहे. त्याच्या व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवू. 'मिसळ' आणि 'भेसळ' या यमक जुळणाऱ्या जोडीत अर्थाचा भेद कोठे आहे एवढेच पाहू. मिसळ केवळ एकत्र करण्याने होते. भेसळ फसविण्याच्या हेतूने होते. म्हणजे या शब्दाच्या पोटात एक कर्ता आहे आणि त्या कर्त्याचा दुष्ट हेतू आहे. 'भेसळ झाली' असे म्हणताच ऐकणारा विचारतो, 'कोणी केली?' २००६ च्या कायद्याने हा शब्द शीर्षकातून काढून टाकला आणि त्याच्या जागी तीन विशेषणे आणली : असुरक्षित, कमी दर्जाचे आणि मिथ्याछाप. विशेषण हे वस्तूची अवस्था सांगते. कर्त्याचे नाव घेण्याची त्याला गरज पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की, ही केवळ हानी आहे. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही, आणि न्यायबुद्धीने विचार करू जाता नव्या वर्गीकरणाचे काही श्रेय मान्य केले पाहिजे. १९५४ च्या कायद्याखाली ठरीव प्रमाणापेक्षा शुद्धता कमी भरली की पदार्थ 'भेसळयुक्त' समजला जाई. मग त्यात कोणी काही मिसळलेले असो वा नसो. दुष्काळात गाईच्या दुधातील स्निग्धांश घटला तरी तो दोष भेसळीच्या खात्यात पडण्याची शक्यता होती. १९७६ च्या दुरुस्तीने ही कठोरता काहीशी सौम्य केली : शेतातून आलेला कच्चा माल जर केवळ नैसर्गिक कारणाने, माणसाच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीमुळे कमी भरला, तर तो भेसळयुक्त समजू नये अशी तरतूद आली. नव्या कायद्याने कमी दर्जाच्या पदार्थासाठी पाच लाख रुपयांपर्यंत व मिथ्याछाप पदार्थासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंड ठेवून, असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा वेगळी काढली. दोषांची अशी उतरंड लावणे हे भाषेच्या दृष्टीनेही विवेकाचे आहे. शिवाय 'मिथ्याछाप' हा शब्द संस्कृत व देशी यांचा संकर असला तरी चटकन कळतो. खोटी छाप ही कल्पना मराठी माणसाला अपरिचित नाही.

'भेसळ' हा शब्द सर्व अनर्थांना पुरा पडत नाही, याचाही एक दारुण दाखला आहे. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास या राज्यांत पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. वाहतुकीत विषाचा आणि खाद्याचा संपर्क आला होता. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम झाला त्याचे मूळ या दुर्घटनेत आहे. येथे कोणीही नफ्यासाठी काही मिसळले नव्हते. भेसळ नव्हती, तरी अन्न विषारी होते. कर्त्याशिवाय घडणाऱ्या या अपायाला 'भेसळ' शब्द कवेत घेऊ शकत नाही. 'असुरक्षित' हा शब्द घेऊ शकतो.

तथापि कर्ता पुसून टाकण्याची सवय जडली म्हणजे जेथे कर्ता आहे तेथेही तो दिसेनासा होतो. आंब्याचे उदाहरण घ्यावे. 'पिकणे' हे अकर्मक क्रियापद. आंबा आपोआप पिकतो. 'पिकवणे' हे त्याचे प्रयोजक रूप. परंतु मराठीत शेतकरीही आंबा 'पिकवतो', घरी गवताची अढी घालणारी आजीही आंबा 'पिकवते', आणि कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या पेटीत ठेवणारा व्यापारीही आंबा 'पिकवतो'. कार्बाइडचा असा उपयोग जुन्या नियमांतही निषिद्ध होता आणि २०११ च्या विनियमांनीही तो निषिद्धच ठेवला आहे. त्याऐवजी ठरीव मर्यादेत इथिलीन वायू वापरण्यास मुभा आहे. पण जनजागृतीच्या मजकुरात वाक्य बहुधा असे येते : 'कृत्रिमरीत्या पिकविलेली फळे आरोग्यास घातक असतात.' या कर्मणी धातुसाधितात शेतकरी, आजी, व्यापारी, कार्बाइड आणि इथिलीन हे सारे एकाच अंधारात उभे राहतात. निषेध नेमका कशाचा आणि कोणाचा, हे वाक्य सांगत नाही; परिणामी संशयाचा डाग बागाईतदारावरही पडतो.

(४)

येथवर शब्दांचा विचार झाला; आता व्याख्येचा करू. मराठीत एकाच वस्तूला तिच्या प्रवासाबरोबर नावे बदलून मिळतात. शेतात उभे असते ते पीक; गाडीत भरले की तो माल; दुकानात आले की धान्य किंवा भाजी; आणि शिजून ताटात पडले की अन्न. 'शेतात अन्न उभे आहे' असे कोणी म्हणत नाही. 'अन्न टाकू नये' असे म्हणताना आपल्या मनात शिजलेले अन्नच असते.

२००६ च्या कायद्यातील कच्च्या अन्नाची व्याख्या या दृष्टीने अत्यंत लक्षणीय आहे. १९७६ च्या दुरुस्तीत कच्चे अन्न म्हणजे शेती वा फळबागेतून आलेला नैसर्गिक स्वरूपातील पदार्थ, एवढेच म्हटले होते. व्याख्या वस्तूच्या स्वरूपावर थांबत होती. नव्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने पशुपालन व जलचरांचे उत्पादन त्यात घातले, आणि शेवटी एक पद जोडले : असा पदार्थ शेतकरी किंवा मच्छीमार यांच्याखेरीज अन्य व्यक्तीच्या हाती असला पाहिजे. अठराव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने हेच पुन्हा निःसंदिग्ध केले : शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे, उभे पीक, जनावरे, शेतीत वापरावयाची सामग्री आणि शेताच्या पातळीवर शेतकऱ्याने काढलेले उत्पादन यांना हा कायदा लागू नाही.

म्हणजे नामाचा अर्थ वस्तूच्या गुणांवर अवलंबून न राहता ती कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून राहिला. टोपलीतील वांगे शेतकऱ्याच्या हाती असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने अन्न नव्हे. अडत्याने उचलले की त्याच क्षणी ते अन्न झाले. वांग्यात काहीही बदल झालेला नसतो. एकविसावे कलम अन्नातील कीटकनाशकांच्या अवशेषांवर मर्यादा घालते. पण ती मर्यादा अन्नाला आहे, आणि अवशेष आले ते मात्र अन्न 'अन्न' होण्यापूर्वीच. विक्रेत्याने म्हणावे, 'मी फवारणी केली नाही'. शेतकऱ्याने म्हणावे, 'मला हा कायदा लागू नाही'. दोघेही खरे बोलतात.

हा अपवाद का ठेवला हे समजण्यासारखे आहे. दोन एकरांच्या धन्याला परवाने, नोंदी आणि निरीक्षकांचा ससेमिरा मागे लावणे अन्यायाचे झाले असते. त्याला दंडाच्या कक्षेत आणा, असे प्रस्तुत लेखकाचे मुळीच म्हणणे नाही. पीक आणि अन्न यांत भेद करणारी ही व्याख्या मराठीच्या स्वभावाशी जुळणारीही आहे. परंतु पीक, माल, अन्न ही नावे बदलली तरी पानावर पडलेला थेंब एकच असतो. भाषेने सोयीसाठी केलेले तुकडे कायद्याने जबाबदारीचे तुकडे म्हणून वापरले, हा या व्याख्येचा दोष होय.

(५)

या सर्वांहून गंभीर असा शब्द अद्याप राहिला आहे. तो शब्द 'औषध' हा होय.

अन्नशुद्धतेचे काम पाहणाऱ्या राज्यशासनाच्या खात्याचे नाव 'अन्न व औषध प्रशासन' असे आहे. येथे औषध म्हणजे माणसाने रोग बरा होण्यासाठी घ्यावयाचे द्रव्य. पण खेड्यात जाऊन 'औषध' हा शब्द ऐकावा. 'कपाशीवर औषध मारले', 'औषधाचा पंप', 'उद्या औषध फवारायचे आहे.' शेतकऱ्याच्या तोंडी औषध म्हणजे कीटकनाशक. शेतीविषयक सल्ल्यांतही 'औषधांची फवारणी' हा प्रयोग सर्रास होतो. पिकाला रोग होतो, म्हणून त्याच्यावरचा उपाय तो औषध, असे हे साधे रूपक आहे. शब्दाचा असा अर्थविस्तार भाषेत नित्य घडतो. त्यात बोलणाऱ्याचा काही दोष नाही. पण रूपक जेव्हा रूपक म्हणून जाणवेनासे होते तेव्हा ते माणसाच्या वागणुकीला वळण लावते. औषध अंगावर सांडले तर माणूस घाबरत नाही. औषध थोडे अधिक घेतले तर गुण लवकर येईल असे त्यास वाटते. औषधाची बाटली घरात, माणसांत ठेवावयाची असते. आणि तोच माणूस 'औषध पिऊन जीव दिला' असेही म्हणतो, तेव्हा त्या शब्दाखालचे विष क्षणभर उघडे पडते आणि पुन्हा झाकले जाते.

१९७१ च्या नियमांनी डब्यावर जो इशारा ठरवून दिला आहे तो यासंदर्भात पाहावा. कोनावर उभा केलेला चौकोन, त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणात रंग. अत्यंत विषारी द्रव्यास तांबडा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी द्रव्यास हिरवा. वरच्या त्रिकोणात पहिल्या दोहोंस 'विष', तिसऱ्यास 'धोका', चौथ्यास 'सावधान' अशा अर्थाचे शब्द. ही चिन्हभाषा तर्कशुद्ध आहे. पण हिरवा रंग शेतकऱ्याला तजेल्याचा आणि सुबत्तेचा वाटतो; आणि 'विष' हा शब्द ज्या द्रव्यावर छापला आहे त्यालाच दुकानदार, शेजारी आणि सल्लागार 'औषध' म्हणत असतील, तर डब्यावरचा एक शब्द भोवतालच्या शंभर तोंडांपुढे टिकणार कसा?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडोंना रुग्णालयात जावे लागले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती : द्रव्यांची मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव. केवळ एका शब्दामुळे माणसे मेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण ज्याला आपण विष हाताळीत आहोत असे भाषेनेच कधी सांगितले नाही, त्याने तोंडाला फडके बांधले नाही म्हणून त्यालाच दोष देणे हेही न्यायाचे नव्हे.

आता हे सारे एकत्र ठेवून पाहावे. 'अन्न व औषध' या नावाच्या खात्याच्या कक्षेत शेतकऱ्याच्या हातातील अन्न येत नाही, आणि त्याच्या पंपातील औषधही येत नाही. पहिले व्याख्येने वगळले आहे. दुसरे कृषी खात्याकडे आहे. 'सुरक्षा' हा शब्द ज्या कायद्याच्या शिरोभागी आहे त्या कायद्याला, अन्नातील विषाशी ज्याची गाठ सर्वांच्या आधी पडते तो माणूस दिसतच नाही. दंडातून सुटका म्हणून दिलेला अपवाद, शब्दांच्या पातळीवर, संरक्षणातूनही सुटका ठरला आहे.

(६)

चिकित्सा झाली म्हणजे उपाय सुचविण्याची जबाबदारी येते. परिभाषा बदलल्याने नियमन सुधारेल असा भोळा विश्वास कोणी धरू नये. परंतु चांगली परिभाषा कशी होते याचा एक नमुना याच क्षेत्रात आपल्यापुढे आहे. 'प्रतवारी' हा तो शब्द. आणेवारी, वर्गवारी यांच्या पंक्तीतला, जमिनीची प्रत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात आधीच असलेला. १९३७ च्या कायद्याची कल्पना परकी होती, पण तिला शब्द मिळाला तो बांधावरचा. म्हणून आज डाळिंबाची प्रतवारी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच न्यायाने पुढील गोष्टींचा विचार व्हावा. अपायरहित अन्नासाठी 'निर्धोक अन्न' हा शब्द मराठीत सहज बसतो. अन्न मिळण्याच्या हक्कासाठी 'अन्नाची शाश्वती' असे म्हणता येईल, किंवा 'अन्नसुरक्षा' हा शब्द त्याच अर्थापुरता राखून ठेवता येईल. दोन कायद्यांना दोन नावे मिळाली की निम्मा गोंधळ आपोआप मिटेल. 'भेसळ' हा शब्द परिभाषेत पुन्हा आणावा, मात्र जेथे कोणीतरी जाणून मिसळले आहे तेथेच. जेथे कर्ता नाही तेथे 'दूषित' म्हणावे. आणि शासनाच्या, विद्यापीठांच्या व विस्तारकार्याच्या कोणत्याही मजकुरात कीटकनाशकाला 'औषध' म्हणू नये. लोकांच्या तोंडचा शब्द शासकीय आज्ञेने बदलत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण सल्ला देणाऱ्याने तो शब्द उच्चारणे थांबवावे, हे तर कोणाच्याही आवाक्यातले आहे.

आपल्या विभागांनीही या कामात अंग घेतले पाहिजे. परिभाषेच्या समित्यांवर शास्त्रज्ञ असतात, विधिज्ञ असतात. बोलीचा अभ्यासक क्वचितच असतो. जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकरी फवारणीच्या द्रव्यांना, त्यांच्या मात्रांना, विषबाधेच्या लक्षणांना कोणते शब्द वापरतो याचा संग्रह हा पदव्युत्तर प्रबंधाला योग्य असा विषय आहे. असा संग्रह हाती असेल तर डब्यावरचा इशारा वाचणाऱ्याच्या भाषेत लिहिता येईल. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांइतकीच ही विद्याही भाषाशास्त्राचीच आहे, आणि तिच्याअभावी काय घडते ते यवतमाळने दाखविले आहे.